हूल आणि तिची किंमत

मंडळी, विषय दिलाय पोकरमधला ब्लफ, म्हणजे हलक्या पानांवर भारी हात असल्याचा देखावा, आणि तो सुधारायचा कसा. सभागृहाच्या दारापासून या खुर्चीपर्यंत येताना तिघांनी मला एकच प्रश्न विचारला : चेहरा दगडासारखा कसा ठेवायचा? त्यांची निराशा आधीच करून टाकतो. चेहऱ्यावर मी आज जेमतेम दोन मिनिटं बोलेन, तीही कुणी विचारलंच तर.

कारण असं आहे. २०१७ च्या जानेवारीत पिट्सबर्गमधल्या एका कसिनोत लिब्राटस नावाचा संगणक प्रोग्रॅम चार व्यावसायिक खेळाडूंशी एकास एक पोकर खेळला. १,२०,००० डाव झाले आणि चौघेही हरले. लिब्राटसला चेहरा नव्हता, हात थरथरत नव्हते, समोरच्याच्या डोळ्यांत डोकवायची सोय नव्हती. तरी तो ब्लफ करायचा, आणि कधीकधी पॉटच्या, म्हणजे मध्ये जमलेल्या पैशांच्या, कितीतरी पट रक्कम लावून करायचा. म्हणजे दोन्हीकडचे चेहरे पुसून टाकले तरी ब्लफ शिल्लक राहतो. शिकायचा तो हा शिल्लक राहिलेला भाग.

आपल्याकडे दोन शब्द आहेत, थाप आणि हूल. थाप मारणारा तोंडानं खोटं बोलतो. हूल देणारा काहीच बोलत नाही. तो अंग एका बाजूला झुकवतो आणि समोरचा आपणहून तिकडे धावतो. पोकरमधला ब्लफ ही हूल आहे. 'माझ्याकडे फ्लश (एकाच रंगाची पाच पानं) आहे' असं तुम्ही कधीच म्हणत नाही. ज्याच्याकडे खरोखर फ्लश आहे तो ज्या क्षणी, जेवढ्या चिप्स पुढे सरकवेल, तेवढ्या तुम्ही सरकवता. निष्कर्ष समोरचा काढतो. म्हणून बेट (पैज) लावण्याआधी स्वतःला एकच विचारायचं : हीच पानं खरी असती, तर मी पहिल्यापासून असाच खेळलो असतो का? प्रत्येकाच्या हातात दोन झाकली पानं, टेबलावर सगळ्यांची मिळून पाच : आधी तीन (फ्लॉप), मग चौथं (टर्न), मग पाचवं (रिव्हर), आणि दर टप्प्याला बेट लावायची किंवा चेक करायचं, म्हणजे काही न लावता पुढे जायचं. फ्लॉपला चेक, टर्नला चेक, आणि रिव्हरला एकदम अवसान आणून सगळ्या चिप्स पुढे, असं असेल तर समोरच्यानं का विश्वास ठेवायचा? शेवटचा अंक तेवढा सादर केलात, नाटक झालंच नाही.

आता किमतीचं बघू. पॉटमध्ये १०० चिप्स आहेत आणि तुम्ही ५० ची हूल देताय. फसली तर ५० गेले, चालली तर १०० मिळाले. तीनदा केलीत, दोनदा फसलात, एकदा चाललात, तर हिशेब बरोबरीत. दहापैकी चार वेळा चालली तर ४०० आले आणि ३०० गेले. नीट ऐका, दहापैकी सहा वेळा भर टेबलावर उघडे पडूनही तुम्ही १०० चिप्सनी वर आहात. पॉटएवढी, म्हणजे १०० ची बेट लावलीत तर मात्र दोनपैकी एकदा चालायलाच हवी. दुप्पट लावलीत तर तीनपैकी दोनदा. मोठी रक्कम जास्त घाबरवते हे खरं, पण ती भीती तुम्ही स्वतःच्या चिप्स देऊन विकत घेताय. माझ्या पाहण्यातले बहुतेक लोक ती गरजेपेक्षा जास्त घेतात. जो माणूस ६० ला पळाला असता त्याला पळवायला १५० कशाला?

हाच हिशेब पलीकडे बसून करा. पॉट १००, समोरून आले १००. तुम्हाला १०० भरून २०० मिळवायचेत, म्हणजे तीनपैकी एकदा बरोबर ठरलात तरी पुरे. तेव्हा रिव्हरला पॉटएवढी बेट लावणाऱ्याकडे दोन खऱ्या हातांमागे एक हूल असली, की समोरच्याला कॉल (तेवढेच भरून पानं बघणं) केला काय आणि फोल्ड (पानं टाकून देणं) केला काय, सारखंच. तो अडकला. अर्ध्या पॉटच्या बेटला हेच प्रमाण तिनास एक होतं. म्हणजे मोठ्या बेटमागे हुली जास्त खपतात, लहानीमागे कमी. आणि हूल अजिबातच न देणारा? त्यानं बेट लावली की टेबल रिकामं. त्याच्या खऱ्या फुल हाउसलाही (तीन पानं एकसारखी, उरलेली दोन एकसारखी) गिऱ्हाईक मिळत नाही.

मग हूल द्यायची कुठल्या पानांवर? इथे एक जुनी आणि जरा उलटी वाटणारी गोष्ट सांगतो. जॉन फॉन नॉयमन हा गणितज्ञ. खेळांच्या सिद्धांतावरचा त्याचा पहिला निबंध १९२८ चा, आणि ऑस्कर मॉर्गनस्टर्नबरोबर लिहिलेला मोठा ग्रंथ १९४४ चा. त्या ग्रंथात पोकरचं एक सोपं रूप घेऊन त्यानं गणित मांडलं. उत्तर असं आलं, की सर्वांत चांगल्या हातांवर बेट लावा, सर्वांत वाईट हातांवर लावा, आणि मधल्यांवर गप्प बसा.

मधल्यांवर का नाही? तुमच्याकडे नव्व्यांची साधी पेअर, म्हणजे दोन नव्व्या, आहे असं धरा. चेक केलंत तर पानं उघडल्यावर ती कितीदा तरी जिंकेल. तिच्यावर मोठी बेट लावलीत, की तिच्यापेक्षा हलका हात फोल्ड करणार आणि भारी हात कॉल करणार. म्हणजे ज्याला हरवणार होतात त्याला घालवलंत आणि ज्याच्याशी हरणार होतात त्याला थांबवलंत. मी स्वतः पहिली काही वर्षं इमानेइतबारे हेच केलं, आणि त्याला 'आक्रमक खेळ' म्हणायचो. सगळ्यात फालतू पानांचं तसं नसतं. उघडली तर हरणारच आहेत, गमावण्यासारखं काही नाही.

फालतू पानांतही निवड आहे. टेबलावर बदामची तीन पानं आहेत आणि तुमच्या हातात बदामचा एक्का आहे, पण दुसरं पान बदामचं नाही. तुमचा फ्लश नाही. पण तो एक्का तुमच्याकडे असल्यामुळे सर्वांत मोठा फ्लश समोरच्याकडेही असू शकत नाही. ज्या हातानं तो तुम्हाला नक्की कॉल केला असता, त्याचा एक खिळा तुमच्या मुठीत आहे. खेळाडू अशा पानाला ब्लॉकर म्हणतात.

आणि एखाद्या वेळी हूल फसली तरी हात सुधारण्याची आशा असते. फ्लॉपला चार इस्पिक झाले, पाचवा हवा. बाकी ९ इस्पिक कुठेतरी आहेत. दोन पानं यायची असतील तर साधारण ३५ टक्के वेळा फ्लश लागतो, एकच यायचं असेल तर २० टक्क्यांच्या आसपास. अशा हातावर बेट लावली की जिंकायला दोन वाटा : तो पळेल, किंवा पान येईल. याला सेमी-ब्लफ म्हणतात. नव्यानं शिकणाऱ्यानं हुलीची सुरुवात इथूनच करावी, कोऱ्या हातावर नाही.

एक प्रसिद्ध डाव घेऊ, कारण त्यात हे सगळं एकत्र आलंय. २००३ ची पोकरची जागतिक स्पर्धा. ८३९ खेळाडू, पहिलं बक्षीस २५ लाख डॉलर. शेवटी उरले दोघं, मुरलेला व्यावसायिक सॅम फार्हा आणि ऑनलाइन पात्रता फेरीतून आलेला हिशेबनीस ख्रिस मनीमेकर. मनीमेकरकडे इस्पिकचा राजा आणि बदामची सत्ती. फार्हाकडे इस्पिकची राणी आणि बदामची नव्वी. टर्नपर्यंत टेबलावर नव्वी, दुर्री, छक्की, अठ्ठी. त्यांतली दुर्री सोडून तिन्ही इस्पिक. फार्हाची नव्व्यांची पेअर पुढे आहे आणि तो बेट लावतो. मनीमेकर रेज करतो, म्हणजे ती बेट वाढवतो.

ही अजून कोरी हूल नाही. त्याला ९ इस्पिकांपैकी कुठलंही पान चालेल, आणि स्ट्रेटसाठी, म्हणजे ओळीनं येणाऱ्या पाच पानांसाठी, इतर रंगांची पंजी किंवा दश्शी, अशी आणखी ६. न दिसलेल्या ४६ पानांत १५ त्याच्या कामाची. जवळजवळ तिसरा हिस्सा. शिवाय इस्पिकचा राजा त्याच्याच हातात. फार्हा कॉल करतो. रिव्हरला बदामची तिर्री येते, काहीही लागत नाही, आणि आता कोरी हूल उरते. फार्हा चेक करतो, मनीमेकर ऑल-इन, म्हणजे सगळ्या चिप्स पुढे.

पुढचा भाग मला सर्वांत आवडतो. फार्हानं बरोबर ओळखलं होतं. तुझा फ्लश हुकलाय वाटतं, असं तो मोठ्यानं म्हणालासुद्धा. आणि तरी त्यानं पानं टाकली. संशय येणं वेगळं आणि त्या संशयावर चिप्स लावणं वेगळं. मनीमेकरची बेट नेमकी या दोहोंच्या मध्ये जाऊन बसली. टर्नला रेज, रिव्हरला सगळ्या चिप्स. खरा फ्लश असलेला माणूस असाच खेळला असता. फार्हाकडे या गोष्टीत दाखवायला एकही विसंगती नव्हती, नुसती शंका होती.

निष्कर्ष समोरच्यानं काढायचा असतो म्हणालो, त्यावर जॅक स्ट्रॉसची गोष्ट सांगतात. हा १९८२ चा जगज्जेता. हातात सत्ती आणि दुर्री, म्हणजे पोकरमधला सर्वांत भिकार हात, आणि त्यावर यानं रेज केलेलं. फ्लॉप आला सत्ती आणि दोन तिर्र्या. समोरच्याकडे मोठी पेअर होती, हे लवकरच स्ट्रॉसच्या लक्षात आलं. टर्नला दुर्री. स्ट्रॉसनं मोठी बेट लावली आणि समोरचा विचारात पडल्यावर म्हणाला, २५ डॉलर दे, माझं कुठलंही एक पान उलटून बघ. त्यानं उलटलं, दुर्री निघाली. आता बिचारा विचार करतो : कुठलंही पान एकाच भावात विकतोय, म्हणजे दोन्ही सारखी असणार. दोन दुर्र्या, टेबलावर तिसरी, फुल हाउस. टाकली पानं. दुर्रीऐवजी सत्ती उलटली असती तरी तो 'सत्त्यांचं फुल हाउस' असाच घसरला असता, हे त्यातलं खरं सौंदर्य.

पण यासाठी समोर विचार करणारा माणूस लागतो! मी एकदा एका वयस्कर गृहस्थांवर तीन टप्प्यांची अतिशय देखणी हूल रचली. फ्लॉप, टर्न, रिव्हर, प्रत्येक बेट मागचीशी जुळणारी. त्यांनी तिन्ही वेळा शांतपणे चिप्स टाकल्या आणि चौव्व्यांची पेअर दाखवून पॉट ओढून घेतला. मी विचारलं, काका, कॉल कसा केलात? म्हणाले, "अरे, बघायचं होतं." लबाडाचं आवतण जेवल्याशिवाय खरं नाही, हा त्यांचा बाणा. अशा माणसापुढे हूल द्यायचीच नाही, चांगला हात आला की सरळ बेट लावायची, ते देतील. गंमत अशी, की नवशिके बहुतेक हुली अशाच लोकांवर वाया घालवतात, आणि मग म्हणतात यांना खेळ कळत नाही. अहो, न कळणाऱ्यालाच तर हूल कळत नाही.

समोर माणसं किती, तेही मोजा. एकजण निम्म्या वेळा पळत असेल, तर दोघं एकदम पळण्याची शक्यता चारात एक, तिघं आठात एक. तिघांना हूल देणाऱ्याला मी शूर म्हणणार नाही.

*(श्रोत्यांतून : पण चेहरा?)*

विचारलंतच. वेगळं काही करू नका, एवढंच. चांगल्या हातावर जसे बसता, जेवढा वेळ घेता, चिप्स ज्या हातानं सरकवता, तेच वाईट हातावर. चोराच्या मनात चांदणं असतं. हूल देणारा एरवी बडबड करणारा असेल तर एकदम मुका होतो, मुका असेल तर विनोद सांगू लागतो. पकडतात ते हा बदल. ऑनलाइन खेळताना तर चेहरा नसतोच, तिथे वेळ बोलते. एरवी चार सेकंदांत खेळणारा पंचवीस सेकंद थांबला की मी कान टवकारतो. हूल आज द्यायची की नाही हा कौल मनाला लावू नका. मन लहरी आहे, आणि हरल्यावर तर फारच लहरी. काही खेळाडू घड्याळाचा सेकंदकाटा बघतात : पहिल्या वीस सेकंदांत असला तर द्यायची, नाहीतर नाही. तीनात एक झालं की नाही?

*(श्रोत्यांतून : हूल चालली तर पानं दाखवावीत का?)*

झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यानं कॉलचे पैसे भरलेले नाहीत, मग माहिती फुकट का द्यायची? दाखवायचा मोह होतो तो कौतुकासाठी, आणि ते कौतुक पुढच्या तासाभरात महागात पडतं. पकडले गेलात तर मात्र तोंड पाडू नका. आता टेबलावरच्या सगळ्यांना वाटतंय की हा थापाड्या आहे. पुढचा तुमचा खरा हात ते आनंदानं कॉल करतील. महिनाभरात एकदाही पकडले गेला नसाल, तर तुम्ही हूल फारच कमी देताय.

बोलणं पुरे, थोडं खेळूया. हॅरल्ड कून यानं १९५० मध्ये तीन पानांचा एक खेळ मांडला : गुलाम, राणी, राजा. दोघं खेळाडू, प्रत्येकी एक चिप मध्ये, एकेक पान, आणि बेट लावायची तर एकच चिप. पहिल्यानं चेक केलं तर दुसऱ्यानं राजावर कायम बेट लावावी, राणीवर कधीच नाही, आणि गुलामावर तीनात एकदा. सर्वांत वाईट पानावर हूल, मधल्यावर गप्प. मघाचं सगळं तीन पानांत मावतं. घरी शंभर डाव खेळा, हाताला वळण लागेल.

ही पानं मी बरोबर आणली आहेत. कोण येतंय समोर? या, बसा. तुम्ही पहिल्या जागेवर. दोघंही अचूक खेळले तर पहिल्या जागेवरचा माणूस दर १८ डावांमागे सरासरी एक चिप हरतो, म्हणून मी दुसऱ्या जागेवर बसतोय.