टाच कधी टेकली?

[दृश्य: घोट्यावर पट्टा, त्यात सेन्सर]
पट्ट्यात बसवलेला हा काडेपेटीएवढा सेन्सर. वेग किती झपाट्याने बदलतोय ते ॲक्सेलरोमीटर टिपतो, पाय किती वेगाने वळतोय ते जायरोस्कोप. पाऊल किती लांब पडलं, हे मात्र दोघांपैकी कोणीच थेट मोजत नाही. ते गणिताने काढावं लागतं. पुण्यातल्या या प्रयोगशाळेत ते गणित तपासणं चाललंय.

[दृश्य: आजी पाय आपटतात]
"जोरात, आजी! अजून एकदा!"
पडद्यावर बघा. जमिनीत बसवलेल्या, पायाचा जोर मोजणाऱ्या फोर्स प्लेटचा आलेख आणि सेन्सरचा आलेख, दोन्हींत एकेक उंच टोक. टोकावर टोक ठेवून दोन्ही घड्याळं जुळवतात. इथे चुकलं, तर पुढची सगळी तुलना वाया.

[दृश्य: चमकणाऱ्या गोळ्या, भिंतीवरचे कॅमेरे]
टाचेवर आणि चवड्यावर चिकटवलेल्या या गोळ्या म्हणजे मार्कर. निदान दोन इन्फ्रारेड कॅमेऱ्यांना गोळी दिसली, तर तिची जागा मिलिमीटरच्या हिशेबात सापडते. अशा ठिकाणी एरवी अंगाबरोबरचे आखूड कपडे घालायला सांगतात. आजी साडीतच चालणार. निऱ्या चार बोटं वर खोचल्या, गोळ्या दिसू लागल्या. रोजची चाल मोजायची, तर रोजचेच कपडे हवेत.

[दृश्य: विद्यार्थी चालतो, मग आजी. खाली दोघांचे आलेख]
वेगातल्या बदलांची बेरीज केली की वेग, वेगाची बेरीज केली की अंतर. बारीकशी चूकही या बेरजांमध्ये फुगत जाते. म्हणून तळवा जमिनीवर स्थिर टेकलेला असतो तो क्षण गाठायचा आणि तिथे वेग पुन्हा शून्य धरायचा. विद्यार्थ्याची टाच ठणकन टेकते, खूण ठसठशीत उमटते. आजी पाय घासत चालतात. टाच आणि चवडा जवळजवळ एकदमच टेकतात, खूण पुसट होते. सेन्सर गोंधळतो तो इथे. आणि चाल मोजून घेण्याची खरी गरज याच माणसांना असते.
मनगटावरच्या घड्याळाची अडचण वेगळी. वॉकर धरलेला हात झुलत नाही, मग पावलं मोजणीतून गळतात.

[दृश्य: संगणकावर ठिपके]
सेन्सर प्रत्येक पाऊल दहा सेंटिमीटर जास्त दाखवत असला, तरी त्याचा आणि कॅमेऱ्याचा सहसंबंध उत्तमच येईल. कारण सहसंबंध एवढंच बघतो, की दोघांचे आकडे बरोबरीने वाढतात-घटतात का. म्हणून दोघांतला फरकच मांडून बघायचा, ही पद्धत ब्लँड आणि अल्टमन या संख्याशास्त्रज्ञांनी 1986 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडली. इथला प्रत्येक ठिपका म्हणजे असाच एक फरक.
याच आकड्यांवरून पुढे पडण्याचा धोका ठरतो, व्यायाम ठरतो.

[दृश्य: तुळशीबाग, गर्दी, आजींची पावलं]
इथे भिंतीवर कॅमेरे नाहीत, गुळगुळीत फरशीही नाही. मागून मोबाईलवर पायांचं चित्रीकरण. नंतर दोघी जणी, एकमेकींना न विचारता, एकेक फ्रेम पुढे सरकवत पावलं मोजतात.
बांगड्यांच्या दुकानापाशी आजी थांबल्या, जागच्या जागी वळल्या. त्या वळणावर दोघींचे आकडे जुळेनात. मग ठरलं, वळणाची पावलं वेगळी मोजायची. आणि काठीवाले, वॉकरवाले, पाय घासत चालणारे, यांच्या बाबतीत सेन्सर किती चुकतो तेही वेगळ्या रकान्यात लिहायचं. तरुणांच्या सरासरीत मिसळायचं नाही.