दहा बाटचं नाणं

(दृश्य: सकाळची चाओ फ्राया नदी. मोठमोठे पडाव ओढत नेणारी एक छोटी बोट.)

सकाळचे साडेसात. बँकॉकमध्ये एवढ्या लवकरसुद्धा शर्ट पाठीला चिकटतो.

मी इथं एका सत्रापुरता शिकायला आलोय. तीन महिन्यांत वसतिगृह, वर्ग आणि कोपऱ्यावरची भाताची गाडी, एवढंच शहर पाहिलंय. काल परीक्षा संपली. आजचा रस्ता खिशातल्या चिल्लरीनं ठरवलाय. इथल्या जुन्या एक बाटच्या नाण्यावर वाट फ्रा केओ हे राजवाड्यातलं देऊळ आहे, दहा बाटच्या नाण्यावर वाट अरुण. तीन महिने मी या देवळांनीच कॉफीचे पैसे चुकते करतोय.

'वाट' म्हणजे इथं बौद्ध मंदिर. मूळ शब्द कुंपण घातलेल्या जागेचा, आपल्या 'वाड्या'च्याच कुळातला.

(दृश्य: राजवाड्याची पांढरी तटबंदी. गर्दी.)

तटाशी एक गृहस्थ फार आदबीनं सांगतात, पॅलेस आज बंद आहे, तोवर माझ्या टुकटुकनं फिरून या. हा इथला जुना धंदा. फेरी शेवटी एखाद्या रत्नांच्या दुकानात संपते. मी हसून पुढं निघालो, आपण कसे फसलो नाही याच खुशीत. दरवाज्यावरच्या पहारेकऱ्यानं माझ्या उघड्या गुडघ्यांकडे बोट दाखवलं आणि खुशी उतरली. देवळात हाफ पँट चालत नाही, हे मला कुणी सांगायला नको होतं. समोरच्या फुटपाथवरून हत्तीछाप पायघोळ विजार घेतली. रांगेत पाहतो तर निम्म्या जगाच्या पायांवर तेच हत्ती.

1767 मध्ये ब्रह्मी फौजांनी जुनी राजधानी जाळली. तिचं नाव अयुत्थया, म्हणजे अयोध्या. पुढं 1782 मध्ये चक्री घराण्याचा पहिला राजा नदीच्या या काठावर आला आणि त्यानं नवं शहर वसवलं. बँकॉक हे नाव परक्यांच्या तोंडचं. थाई माणूस म्हणतो क्रुंग थेप, देवांचं शहर. पण तेही झालं लाडकं नाव. पूर्ण नाव वाचताना दम लागतो. थाई उच्चारांची सालं काढली की आतून काय निघतं ते ऐका: महानगर, अमर, महेंद्र, अयोध्या, नवरत्न, राजधानी, उत्तम, राजनिवेशन, महास्थान, अमर विमान, अवतार... आणि शेवटी, शक्रानं दिलेलं, विश्वकर्म्यानं उभारलेलं.

(दृश्य: दरवाज्यावरचा हिरवा राक्षस, जवळून. काचेच्या तुकड्यांचं चिलखत, बाहेर आलेले सुळे.)

हा थोत्सकान. थाई लिपीत लिहिताना अक्षरं 'दशकंठ' अशीच लिहितात, शेवटच्या 'ठ'वर फक्त एक खूण येते, म्हणजे तो लिहायचा पण उच्चारायचा नाही. लंकेचा राजा इथं बुद्धाच्या देवळाची राखण करतो.

आत शिरलं की चारी बाजूंनी ओवऱ्या आणि त्यांच्या भिंतींवर रामकियन, थाई रामायण. एकूण 178 चित्रं. सोन्याचे मुकुट, निळे डोंगर, आणि राजपुत्रांच्या पायाशी स्वयंपाक करणारी, भांडणारी, पेंगणारी साधी माणसं. माझे दोन तास इथंच गेले.

एका चित्रापाशी थांबलो. पांढराशुभ्र हनुमान डोंगराएवढा झालाय आणि रामाचा अख्खा तळ त्यानं तोंडात धरलाय. रात्री मैयराप रामाला पाताळात पळवणार, म्हणून हा पहारा. मैयराप म्हणजे महिरावण. ही गोष्ट आजीनं सांगितली होती, फक्त तिच्या मारुतीनं शेपटीचा कोट केला होता.

पुढच्या गोष्टीला मात्र आजी उठून गेली असती. सेतू बांधताना दगड गायब होऊ लागतात. हनुमान पाण्यात बुडी मारतो. तळाशी रावणाची मुलगी, सुवर्णमत्स्या, कमरेखाली मासा. भांडण होतं, मग प्रेम होतं, मग मुलगा. थाई हनुमान दिसली सुंदरी की पाघळणारा गडी आहे, आणि इथल्या लोकांना तो तसाच आवडतो.

मी कराडजवळचा. समर्थांचे अकरा मारुती आमच्याच भागात, चाफळ, मसूर, उंब्रज. शेंदूर, रुईची माळ, तेल, आणि कडक ब्रह्मचर्य. पहिल्यांदा वाटलं, यांनी गोष्ट बिघडवली. आपल्याकडच्या पर्यटकांच्या घोळक्यातून तेवढ्यात आवाज आलाच, 'हे सगळं आपल्याकडूनच गेलंय.' गेलं असेल. पण लेक सासरी गेल्यावर तिच्या हातच्या आमटीची चव बदलते, आणि आपण तिथं जाऊन मीठ-तिखट काढत बसत नाही.

(दृश्य: मंदिराचं बाह्यांग. आत चित्रीकरणाला बंदी आहे.)

ज्याच्यासाठी देऊळ बांधलं तो पाचूचा बुद्ध जेमतेम 66 सेंटीमीटरचा, उंच चौथऱ्यावर. पाचूचा म्हणतात, आहे हिरव्या दगडाचा. वर्षातून तीनदा, उन्हाळा, पावसाळा आणि थंडी लागताना, त्याचा पोशाख बदलतो, आणि तो बदलण्याचा मान राजाचा. पंढरपुरात विठोबाला उन्हाळ्यात चंदनउटी आणि थंडीत कानपट्टी असते. त्यामुळं हे मला कुणाला विचारावं लागलं नाही.

राजमहालापुढून मात्र लवकर निघालो. खाली युरोपियन इमारत, वर थाई शिखरं; थाई टोपी घातलेला गोरा साहेब म्हणतात तिला. चिडवणं अगदी बरोबर आहे.

(दृश्य: वाट फो. सोनेरी पाऊल, अंगठ्यापासून टाचेपर्यंत कॅमेरा हळू सरकतो.)

शेजारी वाट फो. पहुडलेला बुद्ध, 46 मीटर लांब. दालन त्याच्या अंगाला इतकं घट्ट बसतं की पूर्ण मूर्ती एका नजरेत मावत नाही. आधी चेहरा, मग खांबांआडून कोपर, मग चालत राहायचं, आणि शेवटी तळपाय. त्यांवर शिंपल्याच्या चकाकत्या तुकड्यांत जडवलेली 108 शुभचिन्हं.

मूर्तीच्या पाठीमागं ओळीनं 108 काशाची वाडगी. प्रत्येकात एक नाणं टाकायचं. आवाज ऐका.

(फक्त आवाज: टिण्, टिण्, टिण्.)

माझी नाणी चाळिसाव्या वाडग्याशी संपली. मागच्या आजीबाईंनी न बोलता मूठभर नाणी माझ्या ओंजळीत ओतली आणि आपली मोजणी चुकू न देता पुढं गेल्या.

(दृश्य: था तिएन धक्का. नदीपलीकडे वाट अरुण.)

अरुण म्हणजे पहाट, सूर्याचा सारथी. या पहाटेच्या देवळाकडे सगळे बघायला येतात संध्याकाळी, कारण सूर्य त्याच्यामागं मावळतो. पलीकडे गेलो. लांबून दगडी कोरीवकाम वाटतं ती जवळून फुटकी चिनी भांडी निघतात. बशीचा काठ झाला पाकळी, वाटीचा तुकडा झाला देठ. एका फुलाच्या मधोमध अख्खी बशी होती, निळ्या नक्षीची.

खिशात एकच नाणं उरलं होतं, दहा बाटचं. आठवण म्हणून ठेवायचं ठरवलं होतं. ते समोर धरून मूळ देवळाशी ताडून पाहिलं, शिखरं मोजली.

मग परतीच्या नावेचं तिकीट काढायची वेळ आली. पाच बाट.

खिडकीतल्या बाईंनी दहाचं नाणं ओढून घेतलं आणि पाचाचं पुढं सरकवलं. उलटून पाहिलं. त्यावर आणखी एक देऊळ. वाट बेंचमबोफित. बेंचम... पंचम. बोफित... पवित्र. पाचव्या राजाचं देऊळ, इटलीच्या संगमरवराचं.

ते मी अजून पाहिलेलं नाही.

(दृश्य: नाव सुटते. तळहातावर नाणं.)