गालिच्याची धूळ आणि सोलापूरचं ऊन

नमस्कार श्रोतेहो.

एप्रिल संपत आला. दुपारी गच्चीवर अनवाणी पाऊल टेकवत नाही, नळाला पाणी पाळीनं येतंय आणि घरोघरी उन्हाळ्याची आवराआवर निघाली आहे. गाद्या, उशा, वाकळा, चादरी सगळं उन्हात जातं. हॉलमधला गालिचा मात्र जागचा हलत नाही, आणि हललाच तर थेट साबणाच्या पाण्यात बुडतो. दोन्ही गोष्टींनी त्याचं आयुष्य कमी होतं. म्हणून आज गालिच्याविषयी बोलणार आहे.

आपलं गावच कापडाचं. इथली जुनी मिल १८७७ साली सुरू झाली, आणि सोलापुरी चादर, सोलापुरी टॉवेल यांना पुढे भौगोलिक मानांकनही मिळालं. माझे सासरे, आम्ही त्यांना मामा म्हणायचो, पूर्व भागात यंत्रमागावर आयुष्यभर राबले. ते सांगायचे, कापड कसं विणलंय ते कळलं की ते कसं जपायचं ते आपोआप कळतं. तुमच्या घरातला टॉवेल हातात घ्या. खाली ताण्याबाण्याचं सपाट विणकाम आहे, आणि त्यातून वर आलेले सुताचे बारीक लूप आहेत. गालिच्याची रचना याच जातीची असते. खाली पाठ, वर उभी लव. लूप तसेच ठेवले तर लूपचा गालिचा, कापले तर मऊ लवेचा. उत्तर प्रदेशातल्या भदोही-मिर्झापूरकडच्या हाताच्या गालिच्यात तर एकेक गाठ माणसानं बोटांनी मारलेली असते. म्हणून एखादा धागा वर आला तर टॉवेलचा ओढत नाही तसा गालिच्याचाही ओढायचा नाही. कात्रीनं लवेच्या उंचीला कापायचा, बस्स.

आता मूळ मुद्दा. गालिच्याचं खरं नुकसान डाग करत नाही, धूळ करते. डाग वर दिसतो म्हणून आपण त्याच्यामागे लागतो. धूळ लवेच्या बुडाशी जाऊन बसते. आपल्याकडची धूळ म्हणजे नुसती काळ्या मातीची पूड नव्हे, त्यात वाळूचे, मुरमाचे धारदार कणही असतात. माणूस चालला की प्रत्येक पावलागणिक हे कण धाग्याच्या मुळावर घासतात. दारापासून सोफ्यापर्यंतचा पट्टा आधी विरळ होतो, त्याचं कारण हेच.

विश्वास बसत नसेल तर एक करून बघा. फरशी स्वच्छ झाडून घ्या, शहाबादी असेल तर उत्तम. गालिचा तिच्यावर उपडा घाला, म्हणजे लव खाली, पाठ वर. दिवसभर राहू द्या, घरातल्यांना त्याच्यावरून चालू द्या, संध्याकाळी पाठीवर हाताच्या पंजानं सगळीकडे थोपटा आणि अलगद उचला. मी पहिल्यांदा उचलला तेव्हा फरशीवर पिठासारखा थर होता, बोट फिरवलं तर रेघ उमटत होती. आदल्याच दिवशी वरून झाडलेला गालिचा होता तो. धूळ गोळा केली, पुन्हा उपडा घातला, पुन्हा तितकीच निघाली. तिसऱ्या खेपेला कमी झाली. यात थेंबभर पाणी लागलं नाही.

झाडूनं धूळ उडते आणि तासाभरानं परत तिथंच बसते. लंडनमध्ये १९०१ साली ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंजिनिअरला हेच खटकलं. त्यानं धूळ हवेनं उडवणारं यंत्र पाहिलं, आणि उडवण्यापेक्षा ओढून का घेऊ नये, या विचारातून व्हॅक्यूम क्लीनर तयार केला. घरात व्हॅक्यूम असेल तर आठवड्यातून दोनदा, सावकाश, लवेच्या दिशेनं आणि उलट दिशेनंही फिरवा. घाईनं मारलेल्या चार फेऱ्यांपेक्षा सावकाश मारलेली एक बरी. नसेल तर उपडा घालण्याची रीत आहेच. सतरंजी दोरीवर टाकून बडवली तरी चालते. पण ज्या गालिच्याच्या पाठीला रबरासारखा चिकट थर लावलेला असतो तो बडवू नका, फार तापवूही नका. तो थर भुगा होऊन गळायला लागतो.

धुण्याआधी धागा ओळखा. कडेच्या दशीतला एक धागा काढून चिमट्यात धरा आणि चुलीपासून लांब, ताटलीवर पेटवा. केस जळाल्यासारखा वास आला तर लोकर. कागद जळाल्यासारखा आला तर सूत किंवा ताग. वितळून कडक मणी झाला तर कृत्रिम धागा. सुताला धुण्याचा सोडा सोसतो. लोकरीला तो खातो, आणि गरम पाण्यात घासली तर लोकर आटून घट्ट होते. तागावर पाणी सांडलं की तो पिवळट तपकिरी पडतो, म्हणून त्याला कोरडंच साफ करा.

हे ज्ञान मला फुकट मिळालं नाही. लग्नात माहेरहून आलेला लोकरी गालिचा मी एका श्रावणात धुवायला दिला. धुणाऱ्यानं तो दोन दिवसांत गुंडाळून परत आणला, हाताला कोरडा लागत होता. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओल पोटात धरते आणि तरी ओली वाटत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आठवड्यानं उघडला तर आत कुबट वास, आणि लाल रंग पांढऱ्या वेलबुट्टीत उतरलेला. मामांनी त्याच्यावरून हात फिरवला आणि काही बोलले नाहीत. त्यांचं ते गप्प बसणं मला अजून लागतं. तेव्हापासून मी पावसाळ्यात गालिच्याला पाणी दाखवत नाही. धुवायचाच तर आत्ता, या दिवसांत. सोलापूरच्या कोरड्या हवेत खाटेवर आडवा टाकलेला, खालून वारा लागणारा गालिचा लवकर वाळतो. ऊन थेट नको, सावलीतली झळ पुरे.

काही सांडलं तर पहिली पाच मिनिटं महत्त्वाची. घासू नका, टिपा. जुना सुती टॉवेल दाबून धरा, कडेकडून मध्याकडे या, टॉवेलची कोरडी बाजू बदलत राहा. दूध, रक्त, अंडं यांना थंडच पाणी, गरम पाण्यानं ते धाग्यात पक्कं बसतं. तेल किंवा तूप असेल तर बेसन किंवा कॉर्नफ्लोअर भुरभुरून रात्रभर ठेवा आणि सकाळी झाडा. साबण वापरलाच तर अगदी थोडा, आणि तो पूर्ण निघेपर्यंत ओल्या फडक्यानं टिपा. राहिलेल्या साबणावर धूळ चिकटते आणि तिथंच नवा काळा डाग तयार होतो.

आता लग्नसराई आहे, तेव्हा हळदीचं सांगते. हळदीची पूड पडली तर पाणी लावूच नका, आधी व्हॅक्यूमनं ओढा किंवा चिकटपट्टीनं उचला. ओली हळद लागली आणि साबण लावला की डाग लालभडक होतो आणि बायका घाबरतात. घाबरू नका. हळदीतला पिवळा रंग म्हणजे कर्क्युमिन, तो साबणातल्या किंवा चुन्यातल्या अल्कलीला, म्हणजे क्षाराला लागला की लाल होतो. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच गुणावर. साबण टिपून काढा, पाण्यात थोडं व्हिनेगर घालून फडक्यानं लावा, डाग परत पिवळा होईल. ते आधी आतल्या कोपऱ्यावर लावून रंग सुटत नाही ना, हे बघून घ्या. उरलेल्या पिवळ्यावर औषध म्हणजे ऊन. कर्क्युमिन उन्हात टिकत नाही. पण गालिच्याचा रंगही उन्हात उडतो, म्हणून मी जाड सोलापुरी चादरी घेऊन भोवतीचा सगळा भाग झाकते आणि फक्त तळहाताएवढा डाग उघडा ठेवते. दोन-तीन दुपारी असं केलं की पिवळा रंग फिका पडत जातो.

आणि मृगाच्या आधी एक काम. लोकरीला कसर लागते ती उघड्यावर नाही, दिवाणाखाली, कपाटाच्या मागे, अंधारात, जिथं झाडू जात नाही तिथं. तिथली लव बोटांनी फाकून बघा. तांदळाच्या कण्यांसारखी कोशं दिसली किंवा लव चिमटीत सुटून आली तर गालिचा तसाच बाहेर काढून झटका आणि उन्हं दाखवा. ठेवायचा असेल तर घडी घालू नका, घडीवर पाठ तुटते. लवेच्या दिशेनं गुंडाळा, भोवती धुतलेली जुनी सुती चादर लपेटा, प्लास्टिक नको, ओल आत कोंडते. गुंडाळी उभी न करता आडवी ठेवा, जमिनीपासून वर, आणि पावसाळ्यात ज्या दिवशी कडक उघडीप असेल त्या दिवशी एकदा उलगडून वारा दाखवा.