पाचव्या सेटचा न्याय

मित्रहो, पहिले चार सेट पंचवीस गुणांचे, पण दोन-दोन बरोबरी झाली की खेळला जाणारा निर्णायक पाचवा सेट पंधराच गुणांचा असतो, म्हणून तो नशिबाचा खेळ आहे, असे व्हॉलीबॉलची जाण असलेली माणसेही म्हणतात. ते मला मान्य नाही, आणि का मान्य नाही हे सांगण्यासाठीच मी आज उभा आहे. समोर बसलेल्यांपैकी बहुतेकांनी बोटांना चिकटपट्ट्या लावून हा खेळ खेळलेला असल्यामुळे लिबेरो कोण आणि रोटेशन म्हणजे काय हे समजावण्यात मी वेळ घालवणार नाही. उदाहरण मात्र अमेरिकेतल्या विद्यापीठीय महिला व्हॉलीबॉलचे घेणार आहे, कारण एकमेकींना पुरते ओळखणाऱ्या संघांची झुंज तिथे दरवर्षी पाहायला मिळते.

१८ डिसेंबर २०२१ रोजी ओहायो राज्यातील कोलंबस येथे राष्ट्रीय अजिंक्यपदाचा अंतिम सामना झाला. विस्कॉन्सिन आणि नेब्रास्का हे दोन्ही संघ ‘बिग टेन’ या एकाच कॉन्फरन्सचे, म्हणजे आपसात साखळी सामने खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाचे होते, आणि १८,७५५ प्रेक्षक तो पाहायला जमले होते. विस्कॉन्सिन तीन विरुद्ध दोन सेटनी जिंकले. माझी जुनी तक्रार अशी की, वृत्तपत्रे असा निकाल ‘३-२’ एवढाच छापतात आणि खरा सामना वाचकापासून लपवतात. गुण पाहा : २२-२५, ३१-२९, २५-२३, २३-२५, १५-१२. बेरीज केली तर विस्कॉन्सिनचे ११६ आणि नेब्रास्काचे ११४ गुण होतात. दोनशे तीस रॅली, म्हणजे एकेका गुणासाठीच्या झुंजी, खेळून दोन संघांत अंतर उरले ते दोन गुणांचे! एखाद्या बातमीदाराने एवढी एक ओळ लिहिली असती, तरी वाचकाला त्या रात्रीची कल्पना आली असती.

हे दोन संघ एकमेकांना किती ओळखत होते, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. नेब्रास्काचे प्रशिक्षक जॉन कुक हे १९९२ ते १९९८ या काळात विस्कॉन्सिनचेच प्रशिक्षक होते. २००० साली ते नेब्रास्काचे मुख्य प्रशिक्षक झाले, आणि त्याच वर्षीच्या अंतिम सामन्यात त्यांच्यासमोर उभे राहिले ते विस्कॉन्सिन. तो सामनाही पाच सेटपर्यंत गेला आणि कुक यांच्या नव्या संघाने तो जिंकून एकही पराभव न स्वीकारता मोसम संपवला. तेव्हा पहिल्या चार सेटमध्ये सर्व्हिस करणाऱ्या संघालाच गुण मिळत असे, त्यामुळे त्या सामन्याच्या गुणांची बेरीज आजच्या मापाने करता येत नाही. नाहीतर ती मी नक्की केली असती. नेब्रास्का २०११ मध्ये बिग टेनमध्ये आले, आणि या दोघांची जी गाठ तोवर क्वचित पडत होती ती नेहमीची झाली.

२०२१ च्या मोसमात साखळीतील दोन्ही लढती विस्कॉन्सिनने जिंकल्या होत्या, म्हणजे अंतिम सामना ही तिसरी गाठ होती. डेना रेट्की, सिडनी हिली आणि लॉरेन बार्न्स या विस्कॉन्सिनच्या खेळाडू कोविड महासाथीमुळे नेहमीच्या चार वर्षांवर मिळालेले पाचवे वर्ष खेळायला परत आल्या होत्या. २०१९ च्या अंतिम सामन्यात स्टॅनफर्डकडून सरळ तीन सेटमध्ये झालेला पराभव त्यांनी सोसला होता. रेट्कीची उंची ६ फूट ८ इंच, आणि तिच्या बरोबरीला पहिल्याच वर्षातली ॲना स्मरेक, ती ६ फूट ९ इंच. आपल्या घराच्या दाराची चौकट साधारण सात फुटांची असते, हे आठवा आणि अशा दोघी २.२४ मीटरच्या नेटवर हात उंचावून उभ्या आहेत, असे डोळ्यांसमोर आणा. तरीही नेब्रास्काच्या मुली मागे हटल्या नाहीत, कारण त्यांच्या मागच्या फळीत लेक्सी रॉड्रिगेझ होती. पहिल्याच वर्षातली ही लिबेरो, म्हणजे फक्त मागे राहून बचाव करणारी खेळाडू, जमिनीला टेकू पाहणारा चेंडू उचलण्यात अशी तरबेज होती की, इतर कोणत्याही सामन्यात संपली असती ती रॅली इथे पुढे चालू राहत असे. दुसरा सेट ३१-२९ पर्यंत लांबला आणि त्या सेटवर मी तासभर बोलू शकतो.

(आपल्या आंतरविद्यापीठ स्पर्धा काही दिवसांत उरकतात आणि तेच दोन संघ एका वर्षात पुन्हा भेटतील याची खात्री नसते. आपल्याकडे गुणी मुली आहेत, पण मुरलेले प्रतिस्पर्धी त्यांना मिळत नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते.)

पाच मिनिटे उरल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा ज्यासाठी उभा राहिलो ते आता भराभर सांगतो.

पाचव्या सेटला नशीब म्हणणाऱ्यांचा मोठा आधार म्हणजे डिसेंबर २०२४ मध्ये लुईव्हिल येथे झालेला उपांत्य सामना. पेन स्टेट आणि नेब्रास्का, पुन्हा बिग टेनचेच संघ आणि त्या वर्षीचे कॉन्फरन्सचे संयुक्त विजेते. नेब्रास्काने पहिले दोन सेट २५-२३, २५-१८ असे घेतले, चौथ्यात ते २२-१६ ने पुढे होते, आणि तरी पेन स्टेटने मॅच पॉइंट वाचवत उरलेले तिन्ही सेट २५-२३, २८-२६, १५-१३ असे जिंकले. बेरीज केल्यास नेब्रास्काचे ११२ आणि पेन स्टेटचे १०९ गुण होतात. जास्त गुण मिळवणारा संघ हरला, हा कुठला न्याय, असे विचारले जाते.

माझे उत्तर असे की, दुसरा सेट सात गुणांनी जिंकला काय किंवा दोन गुणांनी, सेट एकच मिळतो, हे दोन्ही संघांना पहिल्या सर्व्हिसपासून ठाऊक असते. म्हणून चौथ्या सेटमध्ये २२-१६ वरून मिळवलेला प्रत्येक गुण हा दुसऱ्या सेटच्या सतराव्या-अठराव्या गुणाहून जड आहे. पाचव्या सेटआधी नव्याने नाणेफेक होते आणि कोणती खेळाडू कोणत्या जागेवरून सुरुवात करणार हे प्रशिक्षकाला नव्याने ठरवता येते. सर्व्हिस परत मिळाली की खेळाडू एकेक जागा सरकतात, आणि पंधरा गुणांत बहुतेकींच्या वाट्याला एकदोनदाच सर्व्हिस येत असल्यामुळे, नेटवर कोणाचा ब्लॉक कोणत्या स्मॅशसमोर येईल हा निर्णयच अर्धा सेट ठरवतो. मोसमभर प्रतिस्पर्ध्याला पाहिलेले असेल तरच तो निर्णय अचूक घेता येतो. म्हणजे दोन अनोळखी संघांत पाचवा सेट थोडाफार दैवाचा असेलही. ओळखीच्या प्रतिस्पर्ध्यांत तो अभ्यासाचा असतो. पेन स्टेटने त्याच मोसमात नोव्हेंबर अखेरीस नेब्रास्काला चार सेटमध्ये हरवले होते, आणि उपांत्य फेरीनंतर त्यांनी लुईव्हिल विद्यापीठाच्या संघाला हरवून अजिंक्यपदही मिळवले. त्यांच्या प्रशिक्षक केटी शूमाकर-कॉली हे विजेतेपद मिळवणाऱ्या पहिल्या महिला प्रशिक्षक ठरल्या, आणि तेही त्या मोसमात कर्करोगावर उपचार घेत असताना. कुक यांचा प्रशिक्षक म्हणून शेवटचा सामना तोच ठरला, १५-१३ चा.