खांबांच्या आड सूर्य

(दृश्य: सकाळ. कार्ल योहान्स गाते. दगडी फरशीवर पावलांचा आवाज.)

ऑस्लोचा हा हमरस्ता. एकीकडे राजवाडा, दुसरीकडे संसद आणि दोहोंच्या मध्ये विद्यापीठ.

१८११ साली डेन्मार्क-नॉर्वेचा राजा सहावा फ्रेडरिक याने या विद्यापीठाला मंजुरी दिली. तीनच वर्षांत नॉर्वे त्याच्या हातून गेलं. विद्यापीठाचं नाव मात्र फ्रेडरिकचंच राहिलं, थेट १९३९ पर्यंत!

चौकाच्या तीन बाजूंना तीन इमारती आहेत. पायाभरणी १८४१ची, वास्तुविशारद क्रिस्तियान ग्रोश. त्याआधी तो नकाशे घेऊन बर्लिनला नामवंत वास्तुविशारद शिंकेलकडे गेला होता. त्या बुजुर्गाने त्यांवरून हात फिरवला. म्हणून खांब ग्रीसचे, शिस्त बर्लिनची. नॉर्वेचं म्हणाल, तर डोक्यावरचं आभाळ.

चला, आत जाऊ.

(दृश्य: दार उघडतं. अंधार, मग हळूहळू पिवळा उजेड.)

हे ‘आउला’, शताब्दीसाठी १९११ मध्ये बांधलेलं सभागृह. समोरच्या भिंतीवर नॉर्वेचा चित्रकार एडवर्ड मुंक याने रंगवलेला सूर्य. खडकाळ किनारा, समुद्र आणि भिंतभर फाकलेले किरण. बाहेरच्या त्या मोजूनमापून उभ्या खांबांनंतर डोळे दिपतात.

ही चित्रं विद्यापीठाला सहजासहजी पटली नव्हती. होय-नाही करता करता वर्षं गेली. मुंक थांबला नाही. मोठाले कॅनव्हास उघड्यावर उभे करून रंगवत राहिला. १९१४ मध्ये होकार आला, १९१६ मध्ये चित्रं भिंतींवर चढली. एका बाजूला ओकच्या झाडाखाली पोराला गोष्ट सांगणारा म्हातारा, त्याचं नाव ‘इतिहास’. दुसऱ्या बाजूला तान्ह्या बाळाला घेतलेली आई.

१९४७ ते १९८९ नोबेल शांतता पुरस्कार इथेच दिला जाई. १९६४ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग, १९७९ मध्ये आपल्या कोलकात्याच्या मदर तेरेसा. तारीख ठरलेली, १० डिसेंबर. त्या दिवसांत ऑस्लोला जेमतेम सहा तासांचा उजेड मिळतो.

विद्यापीठाचा बराचसा कारभार आता शहरातल्याच ब्लिंडर्न भागात हलला आहे. आउलात मैफली होतात. तिकीट मैफलीचंच काढा. नजर भिंतीवर गेली, तर वादक काही रागवायचे नाहीत.

(दृश्य: बाहेर. दुपारचे साडेतीन. रस्त्यावरचे दिवे लागलेले.)