झाड पाडल्यानंतर जंगलाचं काय होतं

नमस्कार मंडळी. आज लाकूडतोडीबद्दल बोलूया. झाडं तोडूच नका असं सांगायला मी आलेलो नाहीये, दारं, टेबलं, कागद सगळ्याला लाकूड लागतंच, पण ते जंगलातून काढायची पद्धत बदलली तर नुकसान खूप कमी होतं आणि त्याबद्दल मला फार कळकळीनं बोलायचंय.

आपल्याला वाटतं झाड पडलं, झालं नुकसान. पण खरा घात त्यानंतर होतो, ओंडका ओढत रस्त्यापर्यंत नेताना. जड मशीन ओल्या जमिनीवरून गेलं की माती दाबली जाते, हवा-पाणी जायच्या बारीक जागा बुजतात, मग पाणी मुरतच नाही, वरच्यावर वाहतं आणि माती घेऊन ओढ्यात जातं. अशी दबलेली जमीन पूर्ववत व्हायला कित्येक दशकं लागू शकतात हो!

आणि सगळ्यात जास्त माती दबते ती पहिल्या दोन-चार फेऱ्यांतच. म्हणून दरवेळी नवी वाट पाडायची नाही. नकाशावर आधीच वाटा आखायच्या, मशीन त्याच चाकोरीतून न्यायचं, चाकाखाली छाटलेल्या फांद्या अंथरायच्या म्हणजे वजन पसरतं. पावसात काम बंद. ओढ्याकाठची झाडं तर सोडूनच द्यायची. काम संपलं की उतारावरच्या वाटेवर आडवे बांध घालायचे, पाणी बाजूच्या झाडीत वळतं.

उष्ण जंगलांत आणखी एक भानगड असते, वेली. झाडं एकमेकांना बांधलेली असतात, एक पाडलं की शेजारची दोन-चार मोडतात. म्हणून वेली काही महिने आधीच कापून ठेवतात, त्या वाळून सुटतात. झाड कुठल्या बाजूला पडणार तेही बुंध्याला नीट खाच घेऊन ठरवता येतं, पण त्यासाठी माणसं ट्रेन केलेली हवीत, आणि खर्च नेमका तिथेच वाचवतात याचं वाईट वाटतं.

वठलेली, ढोलीची झाडं उभीच ठेवा, सुतारपक्षी, घुबडं तिथंच राहतात. चेनसॉच्या साखळीचं तेल सगळं जंगलातच उडतं, तेव्हा ते वनस्पती तेलाचं वापरा.

आपण घेणाऱ्यांनी काय करायचं? जंगल जपून लाकूड काढण्याचे नियम ठरवणारी फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिल ही संस्था 1993 मध्ये सुरू झाली, ते नियम पाळून काढलेल्या लाकडाच्या वस्तूंवर तिचा शिक्का असतो, झाडाचं चित्र आणि बरोबरची खूण. सोबत एक कोड असतो, तो ऑनलाइन तपासता येतो. पुढच्या वेळी वही किंवा खुर्ची घ्याल तेव्हा तेवढं उलटून बघाच.