सिमेंटचा पत्रा घासू नका, कापू नका

नमस्कार मंडळी. मे महिना आला की आपल्या गोव्यात डिचोली-पेडण्याकडे शाकारणीची घाई. फुटकी कौलं बदलतात आणि त्याच हाताने न्हाणीवरचे, गोठ्यावरचे सिमेंटचे पत्रेही तारेच्या ब्रशने घासून काढतात. हे घासणं थांबवा, एवढंच सांगायला आज आलोय.

हा जुना पत्रा बघा. पावळीकडची ही कड जवळून दाखवतो. सिमेंट पावसाने झिजलंय आणि करडे-पांढरे बारीक तंतू बाहेर आलेत, विरलेल्या गोणपाटाच्या कडेसारखे. हे ॲस्बेस्टॉस असणार, म्हणजे खनिजाचे बारीक तंतू. हल्ली त्याच्याविना केलेले पत्रेही मिळतात, पण नुसतं बघून फरक कळत नाही. जुना असेल तर त्यात आहे असंच धरा.

पत्रा अख्खा असेल, घट्ट बसलेला असेल, तर घाबरून उद्याच काढायला जाऊ नका. सिमेंटने तंतू धरून ठेवलेले असतात. घासलं, कापलं, भोक पाडलं की ते सुटतात, आणि श्वासावाटे फुप्फुसात जाऊन बसतात. त्यातून ॲस्बेस्टोसिस (फुप्फुसं कडक होऊन दम लागतो), फुप्फुसाचा कर्करोग, मेसोथेलिओमा (फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा कर्करोग). जागतिक आरोग्य संघटना ॲस्बेस्टॉसचे सगळेच प्रकार कर्करोगकारक मानते, आपल्या पत्र्यातलं पांढरं ॲस्बेस्टॉससुद्धा. मेसोथेलिओमा दिसायला 20 ते 40 वर्षं जातात. तेव्हा 'आमच्या गवंड्याला कुठे काय झालं?' हे मला सांगू नका.

शेवाळ? राहू दे की! प्रेशरच्या पाण्याने धुणं तर सगळ्यात वाईट, सगळा चिखल अंगणभर उडतो. पन्हळीतला गाळही ओला असतानाच काढा, वाळवून झाडू नका.

फुटलेला पत्रा मात्र काढावाच लागतो. आपल्याकडे नारळ पडतो, माकडं उड्या मारतात. (नारळ काढणाऱ्या पाडेल्याला पावसाआधी बोलवा, निम्मी फूट टळेल.) आणि धुळीच्याही आधी पडण्याचं बघा. जुना पत्रा माणसाचं वजन पेलत नाही, पाय ठेवला की थेट खाली. वर चढू नका, खालून परांची बांधा. छप्पर मोठं असेल तर स्वतः करूच नका, या कामाची माहिती आणि साधनं असलेला माणूस लावा.

एखाद-दुसरा पत्रा असेल तर पोरांना, म्हाताऱ्यांना लांब पाठवा, दारं-खिडक्या लावा. पाण्यात भांड्यांचा साबण थोडा मिसळून हळू फवारा मारा, काम संपेपर्यंत पत्रा ओला राहू दे. तोंडावर नीट बसणारा एन-95 मास्क तरी हवाच, रुमाल चालणार नाही. हूक गंजला असेल तर हाताच्या करवतीने हूक कापा, पत्रा नाही. ग्राइंडर तर नकोच. अख्खाच खाली घ्या, फेकू नका. जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून टेप लावा. तुकडे ओल्या फडक्याने टिपा, केरसुणी नको, घरचा व्हॅक्यूमही नको. अंगावरचे कपडे वेगळे धुवा.

आता हे टाकायचं कुठे? आपल्याकडे फुटके पत्रे वाटेतल्या खड्ड्यात भर म्हणून घालतात. वरून स्कूटर गेली की रोज नवी धूळ! भंगारवाल्यालाही देऊ नका. गोव्याचं धोकादायक कचऱ्याचं केंद्र सत्तरीत पिसुर्ल्याला आहे. पत्रा उतरवण्याआधीच पंचायतीत आणि गोवा कचरा व्यवस्थापन महामंडळात विचारून ठेवा: घरचा पत्रा कसा बांधून द्यायचा, नेणार कोण, पैसे किती. उत्तर मिळेपर्यंत गुंडाळलेला पत्रा कुणाचा पाय पडणार नाही अशा जागी ठेवा.